बाण हलत होता तोवर

शेजारच्या संघमित्राचे, म्हणजे आमच्या मित्राचे, आवाज दोन होते. एक पुण्याचा, एक वरवटचा. कानाला हेडफोन असला की ती "हो ना, संध्याकाळपर्यंत पाठवते मी" असं तोलूनमापून बोलायची. मध्येच एक बटण दाबायची, पलीकडच्यांना ऐकू जाणार नाही असं करून घ्यायची आणि पुढच्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, "आली जी बाबा, आली." मग परत बटण, परत पुणं. भिंतीपलीकडून ऐकताना मला वाटायचं, त्या घरात दोन बाया राहतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

वरवट बकालला आमचं आणि इंगळे गुरुजींचं घर भिंतीला भिंत लागून. गुरुजी म्हणजे मित्राचे वडील. मी चौथीत त्यांच्या हाताखाली होते. पुढे मी संग्रामपूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले तरी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायला मला अवघड व्हायचं. मित्रा माझ्यापेक्षा बरीच लहान. अमरावतीला शिकली आणि पुण्याला एका छोट्या कंपनीत लागली. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून नाले, ओढे, तळी यांचे नकाशे करायचं त्यांचं काम. गुरुजींना लकवा मारला तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये मावतील एवढे कपडे घेऊन ती आली. आई आधीच गेलेली. भाऊ गौतम सुरतेला, लेकराबाळांत. तोही आला, काही दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "तू हायेस म्हणून मी बिनघोर हाओ." पुढे दर रविवारी फोनवर तो हेच म्हणायचा. एकदा फोन ठेवून आंबाडीची पानं खुडता खुडता मित्रानं मला विचारलं, "ताई, तो बिनघोर हाये हे मले दर रविवारी काऊन सांगते?"

गुरुजींचं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता: हाव, म्हणजे हो. भूक लागली तरी हाव, पाणी नको असलं तरी हाव. दारावरून जाणारा "जयभीम गुरुजी" म्हणाला तरी हाव. ज्या माणसानं आमच्याकडून "न" आणि "ण" घासून घासून म्हणवून घेतले त्याच्याजवळ एवढंच शिल्लक होतं. मित्रानं त्या एका शब्दाची भाषा शिकून घेतली. "लांबवलेला हाव म्हंजे नोको," तिनं मला सांगितलं. "तुटका हाव म्हंजे दुखते. अन् लागोपाठ म्हटलं का समजाचं, मी दिसून नाई राह्यली."

हा तिसरा प्रकारच सगळ्यात जास्त. ती नजरेआड झाली की हाव, हाव सुरू व्हायचं, वाढत जायचं, चेहरा लालबुंद व्हायचा, शेवटी त्याचं रडणं व्हायचं. एकदा ती किराणा आणायला कोपऱ्यावर गेली तर ते तिच्यामागे निघाले आणि खाटेवरून पडले. कपाळाला खोक पडली. त्यानंतर तिनं घराबाहेर जाणं बंद केलं. किराणा मी आणायची. न्हाणीचं दार ती अर्धं उघडं ठेवायची आणि आंघोळ करताना मोठ्यानं पाढे म्हणायची, आवाज येत राहावा म्हणून. एकोणतीसचा पाढा पाण्याच्या आवाजात मी भिंतीपलीकडून किती वेळा ऐकला असेल.

तिला कुणी बिचारी म्हटलेलं खपत नसे. नात्यातली कुणी म्हातारी येऊन "पोरीच्या जातीनं किती करावं" असा सूर लावायला लागली की मित्रा तिच्या हातात कणकेची परात द्यायची आणि म्हणायची, "बरं झालं आली, पोळ्या लाट." म्हातारी परत यायची नाही.

पुण्याच्या ऑफिसनं काही महिने घरून काम करू दिलं. मग कळवलं की ऑफिसचा लॅपटॉप परत पाठवा, आणि नोकरी ठेवायची असेल तर हजर व्हा. त्यात त्यांचंही खोटं नव्हतं. ती चित्रं एवढी अवजड असायची की आमच्या गावच्या नेटवर एक उतरवायला दिवस जायचा आणि अर्ध्यात तुटायचं. मित्राजवळ कॉलेजातला जुना लॅपटॉप होता, तो तापून बंद पडायचा. तेव्हा तिनं तिच्या वरिष्ठ बाईंना एक तोड सुचवली. चित्रं गावात आणायचीच कशाला? दूरच्या सर्व्हरवर ठेवायची, नकाशाचं सॉफ्टवेअर तिथंच टाकायचं आणि गावातून फक्त त्याचा पडदा पाहत काम करायचं. बाई म्हणाल्या, करून दाखव.

मला क्लाउड सर्व्हर हे शब्द पाठ होते, अर्थ माहीत नव्हता. मित्रानं भाकरी थापता थापता सांगितलं, "कुठी तरी दूर एक मशीन हाये ताई, किरायाची. तिले ना स्क्रीन, ना माउस. नुसतं काळ्या पाटीवर लिहून तिच्याशी बोला लागते. मी तिच्यात टेबलखुर्ची मांडून राह्यली."

ते मांडणं काही दिवस चाललं. मोबाइलची रेंज त्या घरात फक्त मागच्या खोलीत, खिडकीच्या गजांजवळ लागायची. तिथं फोन टांगून त्याच्यावर लॅपटॉप जोडायचा. गुरुजींची खाट पुढच्या खोलीत, दारासमोर, कारण त्यांना रस्ता दिसायला पाहिजे. म्हणजे दोन ओळी लिहिल्या की हाव, हाव. उठून पुढे जाऊन तोंड दाखवायचं. परत येऊन बसायचं. मे महिना होता. कूलरच्या जाळीवर आमच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढलेला, वारा कमी आणि घरघर जास्त. एका दुपारी गेले तर ती पडद्याकडे बघत बसली होती. पडदा पूर्ण करडा, मधोमध एक काळी फुली. टेबल नाही, खुर्ची नाही, काही नाही. फुली हलायची, पण तिनं दाबण्यासारखं तिथं काही नव्हतं. जोडणी लागलेली आहे आणि आत काहीच उघडत नाही, असे तिचे बरेच दिवस गेले. तिनं सगळं पुसून पहिल्यापासून केलं. पुन्हा करडा पडदा, पुन्हा फुली.

मग एकदा सकाळी मी शाळेला निघाले असताना तिनं खिडकीतून हाक मारली. पडद्यावर निळसर रंग, कोपऱ्यात घड्याळ, खाली छोटी चित्रं. साधा कॉम्प्युटर दिसतो तसा. मी विचारलं, काय चुकत होतं?

"टेबल मांडाची फाइल होती ताई, पहिल्यापासून होती," ती म्हणाली. "तिले चालाची परवानगीच नव्हती."

हे सांगताना ती खुशीत होती. पण संध्याकाळी मी घरी आले, भांडी घासता घासता ते वाक्य मला आठवलं आणि माझा हात थांबला.

काम सुरू झालं. नोकरी राहिली. नंतर तिचं एक पालुपदच झालं. आमच्याकडे लाइट जाणं काही नवं नाही, लाइट गेली की सगळी गल्ली उसासे टाकायची आणि मागच्या खोलीतून मित्राचा आवाज यायचा, "तिकडे चालू हाये." लॅपटॉप बंद पडो, रेंज जावो, त्या दूरच्या मशीनवर तिचं टेबल जसंच्या तसं मांडलेलं असायचं. अर्धा काढलेला नाला अर्धाच तिची वाट पाहत असायचा. पुढे पुढे दूध नासलं, गॅस संपला, गुरुजींनी ताट उडवलं, तरी ती तेच म्हणायची: तिकडे चालू हाये. मला ते ऐकायला बरं वाटायचं नाही.

एकदा मात्र तिकडचंही बंद झालं. कोणी परका त्या मशीनमध्ये शिरू नये म्हणून तिनं बाहेरून येणाऱ्या सगळ्या वाटा अडवणारी फायरवॉल लावली, आणि त्याआधी आपली स्वतःची वाट मोकळी ठेवायची राहून गेलं. मशीन चालू, टेबल मांडलेलं, पूर्ण तालुक्याचा नकाशा त्यावर, दुसऱ्या दिवशी द्यायचा, आणि तिला आत जाता येईना. पुढे गुरुजी हाव, हाव करत होते. मित्रा मधल्या उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पाहा ताई," ती म्हणाली. "इथून बाहेर नाई जाता येत, अन् तिथं आत नाई." मी गुरुजींजवळ जाऊन बसले. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर अशा वेळेसाठी एक चोरखिडकी असते, तिच्यातून शिरून तिनं दिवेलागणीपर्यंत आपली वाट मोकळी केली. नकाशा वेळेवर गेला.

ते हाकेगणिक उठबस करणं थांबवायची युक्ती तिला त्यानंतर सुचली. त्या दूरच्या पडद्यावर एकाच वेळी दोघांना पाहता येतं. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं नुसतं बघायचं, त्याच्यासाठी पासवर्ड वेगळा. गौतमनं पोरांचा जुना टॅब पाठवला होता. मित्रानं तो गजांजवळच्या फोनच्याच नेटला जोडला आणि गुरुजींच्या डाव्या हाताशी, उशीला टेकवून ठेवला. पहिल्या दिवशी त्याच्यावर नकाशा दिसला पण माउसचा बाण एका जागी थिजलेला राहिला. त्यातही तिची एक दुपार गेली. मग तो हलायला लागला. ती गुरुजींजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, हा बाण म्हंजे मी. बाण हलून राह्यला म्हंजे मी मागच्या खोलीत हाओ. समजलं?"

"हाव," गुरुजी म्हणाले.

आणि खरंच हाका थांबल्या. मी शाळेतून येताना पाहायची, तर गुरुजी त्या बाणाकडे एकटक बघत पडलेले. कुठल्या तरी अनोळखी मुलखातल्या नाल्यावरून बाण हळूहळू सरकायचा, मागे निळी रेघ उमटायची, आणि त्यांचे डोळे त्याच्याबरोबर सरकायचे. मला वाटलं, सुटली पोरगी.

पण बाण थांबला की हाका सुरू. मित्रा पाणी प्यायला उठली, हाव, हाव. विचार करायला हात थांबला, हाव, हाव. आधी निदान ती अर्धा दिवस समोर बसून काही न करता राहू शकत होती, आता हात हलताच पाहिजे. डाव्या हातानं जेवायची, उजव्यानं माउस गोल फिरवत राहायची. तिचं मनगट सुजलं. मी तेल लावून दिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की युक्ती चांगली होती, पण आपल्यावरच उलटली.

त्याच सुमाराला ऑफिसच्या बाईंनी तिला मोठी जागा देऊ केली. पुण्यात, चार माणसं हाताखाली, पण यावं लागेल. मी समोरच बसले होते. मित्रानं बटण दाबून आवाज बंद केला. पुढच्या खोलीतून काहीच आवाज नव्हता, कारण तिचा हात माउसवर फिरतच होता. ती खिडकीच्या गजांकडे बघत राहिली. मग बटण दाबून पुण्याच्या आवाजात म्हणाली, "नाही जमणार, मॅडम. सध्या तरी." तो हात तेवढ्यातही थांबला नव्हता.

नंतरच्या आठवड्यात तिनं त्या दूरच्या मशीनवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो आपोआप, ठरलेल्याच वाटेनं, बाण फिरवायचा. लॅपटॉप मिटला तरी बाण फिरत राहणार. मला म्हणाली, "ताई, आज सुटी हाये ना, दुपारी बाबाजवळ बसजा. मी जाऊन येतो." घाईत तिच्या बोलण्यात पोरांसारखं "येतो" यायचं. मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, कुठं ते ठरवलं नाही. चप्पल हातात घेऊन, आवाज न करता ती मागच्या दारानं गेली.

मी खाटेजवळ बसले. बाण फिरत होता. गुरुजी बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी डावा हात उचलला आणि बोट टॅबच्या काचेवर, एका कोपऱ्यात ठेवलं. बाण तेव्हा दुसरीकडे होता. तो फिरत फिरत आला आणि बरोबर त्यांच्या बोटाखाली शिरला. मग त्यांनी बोट पुढच्या वळणावर नेऊन ठेवलं. बाण तिथंही आला. तिसऱ्यांदाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथीत शेजारच्याच्या पाटीवरचं गणित कोणी उतरवून काढलं की ते असेच बघायचे. मला वाटलं, आता हाका सुरू होणार, आता ते उठणार.

त्यांनी टॅब उचलला, पालथा केला आणि छातीवर ठेवला. दारातून रस्त्याकडे बघत पडून राहिले. एकदाही हाव म्हणाले नाहीत.

मित्रा परत आली ती रस्त्यावरच्या रसवंतीवर जाऊन. ओढणीवर उसाच्या रसाचा डाग होता. मी तिला मागच्या खोलीत नेऊन झालं ते सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग पुढे गेली, त्यांच्या पायाशी उभी राहिली आणि विचारलं, "बाबा, तुमाले समजलं होतं?" ते हाव म्हणाले. तो लांब नव्हता, तुटका नव्हता, आणि एकदाच होता. "हा हाव मी पह्यले ऐकला नाई," ती मला नंतर म्हणाली.

प्रोग्राम तिनं काढून टाकला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर गुरुजींनी स्वतःच टॅब पालथा केला आणि डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. ती गेली नाही तर तिच्याकडे बघत राहिले. शेवटी ती गेली. तेव्हापासून रोज दुपारी तसंच. मित्रा त्या वेळात फार लांब जायची नाही. कधी रसवंतीपर्यंत, कधी गावाबाहेरच्या परहाटीच्या धुऱ्यापर्यंत, कापसाच्या शेताच्या त्या बांधावर, जिथून सातपुडा नीट दिसतो. कधी बाहेर जायचा कंटाळा असला तरी ते दाराकडे हात करायचे. मग ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची. "काय करू ताई," म्हणायची. "आता मले बाहेर बी जाच लागते."

हिवाळ्यातल्या एका दुपारी असाच टॅब पालथा होता. मित्रा धुऱ्यावर गेली. ती परत आली तेव्हा गुरुजी गेले होते. त्या दिवशी मी शाळेत होते. घरात कोणी नव्हतं. ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारायची: त्यांना कळलं असेल का, म्हणून मला बाहेर काढलं का? की रोजच्यासारखंच? गौतम आला, सगळं रीतीनं केलं, रडला, आणि तिला म्हणाला, आता तू मोकळी.

मोकळी झाल्यासारखी ती दिसली नाही. बरेच दिवस सकाळी भिंतीपलीकडून पाण्याच्या आवाजात पाढे ऐकू यायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पुण्याच्या बाईंनी पुन्हा विचारलं होतं. मित्रा म्हणाली, कळवते. खिडकीच्या गजांजवळ बसून ती काम करत राहिली. दुपारी कोणी जा म्हणायला नव्हतं, तर ती जायचीही नाही. किराणा अजून मीच आणत होते, आणि हे बदलायला पाहिजे हे आम्हा दोघींच्याही ध्यानात येत नव्हतं.

मग एका रविवारी मी पाहिलं, ती दाराबाहेर उभी. दाराला कुलूप. घराला बाहेरून कुलूप मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं; त्या घरात कायम कोणी ना कोणी असायचं. मी विचारलं, कुठं चालली?

"कुठीच नाई," ती म्हणाली. "लावून पाहून राह्यली."

किल्ली मुठीत धरून ती कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, कुलूप उघडून आत गेली. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत. मग एकदा संग्रामपूरपर्यंत, माझ्याच बसनं, आणि माझी शाळा सुटेपर्यंत स्टँडवर बसून राहिली. येताना बसमध्ये तिनं सांगितलं की कोणीच हाक मारत नाही याचीच भीती वाटते.

त्यानंतर काही आठवड्यांनी शाळेतून निघाले तर संग्रामपूरच्या स्टँडवर मलकापूरची गाडी उभी होती; पुण्याची रेल्वे मलकापूरहून मिळते. खिडकीशी मित्रा दिसली. मला तिनं निघण्याचं काही सांगितलं नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. ती झोपली होती. डोकं खिडकीच्या दांडीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, सॅक मांडीवर. शेजारी कोणाचं पोर किंचाळत होतं, ड्रायव्हर इंजिन चालू करून हॉर्न वाजवत होता, आणि ती हलली नाही. कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आला, जरा थांबला, आणि तिला न उठवता पुढच्या सीटकडे वळला. गाडी हलली.